सकाळची गोळी, संध्याकाळची गोळी

दोघा भावांचं पोट एका करवतीवर होतं. मशीनवर चढत नाहीत असले जाडजूड ओंडके लोक त्यांच्याकडं आणून टाकत. ओंडका घोडीवर चढवायचा, सुतानं काळी रेघ मारायची, मग एकानं वर उभं राहायचं आणि एकानं खाली. वरचा ओढतो तेव्हा खालच्यानं हात सैल सोडायचा, खालचा ओढतो तेव्हा वरच्यानं. वरच्याला रेघ दिसते. खालच्याला दिसतो तो नुसता भुसा, डोळ्यांत, कानांत, घामाला चिकटून मानेवर. म्हणून बाप गेल्यापासून दोघांनी एक नेम धरला होता. दुपारपर्यंत थोरला खाली, दुपारनंतर धाकटा. तीस वर्षांत त्यात खंड नाही. एकदा धाकट्याच्या पाठीत उसण भरली म्हणून थोरला दिवसभर खाली राहिला, तर दुसऱ्या दिवशी धाकटा वाकडातिकडा होऊन का होईना, पण दिवसभर खाली थांबला आणि संध्याकाळी म्हणाला, "दादा, फिटंफाट."

थोरल्याची बायको हे बघतच या घरात पिकली होती. घरात एक कैरी आली तरी मधोमध चिरली जायची. तंबाखूची पिशवीसुद्धा दोघांत एकच. मळायची एकानं, चिमूट दोघांची. आधी थोरल्याच्या गालात आणि चार महिन्यांनी धाकट्याच्या जिभेखाली गाठ निघाली, तेव्हा न्हाव्यानं दाढी करता करता तोंडावर म्हटलं, "काय हो, हेही वाटून घेतलं का?" दोघंही हसले. थोरल्याला हसताना गाल दाबून धरावा लागला.

दवाखाना बारा खाटांचा. पूर्वी ते धान्याचं गोदाम होतं आणि पावसाळी हवा असली की भिंतींना अजून पोत्यांचा वास यायचा. एक डॉक्टर, दोन नर्स, आणि महिन्यातून एकदा शहरातून येणारे मोठे डॉक्टर. त्यांनी नव्या औषधाची चाचणी इथं आणली होती. तिचं सगळं बघणारी एक बाई वेगळी होती, पोरसवदा, चष्मा लावणारी, काखेत कायम जाड वही. तिला सगळे वहीवाली ताई म्हणत.

ताईनं चाचणीच्या माहितीची अकरा पानं वाचून दाखवली. थोरल्याची बायको ऐकायला बसली की मन लावून, अर्थ धरून ऐकायची. तिनं सगळं ऐकलं. हे औषध नवं आहे, गुण येईल की नाही ते आम्हालाच अजून बघायचं आहे. दिवसाला दोन गोळ्या, एक सकाळी, एक संध्याकाळी. गोळी मोडायची नाही, चावायची नाही, दुसऱ्या कोणाला द्यायची नाही. घेतली की कार्डावर त्या तारखेपुढं खूण करायची. अठ्ठावीस दिवसांनी रिकामी पाकिटं आणि कार्ड घेऊन यायचं. त्रास झाला तर लपवायचा नाही. नको वाटलं तर कधीही सोडून जाता येईल, कोणी काही बोलणार नाही. आणि हे औषध किडनीवाटे बाहेर पडतं, म्हणून ज्यांची किडनी कमजोर आहे त्यांना आत्ता घेता येत नाही.

थोरल्याचं रक्त बरोबर निघालं. धाकट्याच्या किडनीचा आकडा बसला नाही.

तो बाकावर बसला होता. ताईनं त्याला सांगितलं तेव्हा त्यानं आधी दादाकडं बघितलं, आणि दादानं जमिनीकडं. ताई म्हणाली, "काका, तुम्ही निराश होऊ नका. कमजोर किडनीवाल्यांचा दुसरा गट पुढं उघडणार आहे. कमी ताकदीची गोळी असते. तोवर तुम्हाला गाठीवरची नेहमीची सलाईन चालू ठेवू. मी तुमचं नाव लिहून ठेवते."

लिहिलंही तिनं. थोरल्याच्या बायकोनं डोळ्यांनी बघितलं.

पहिला महिना असा गेला की घरात देव येऊन बसल्यासारखं वाटावं. थोरल्याचं तोंड एका बोटाएवढं उघडायचं, ते दोन बोटं उघडायला लागलं, मग तीन. गालाची गाठ दगडासारखी होती, ती हाताला मऊ लागायला लागली. बायको दुधात कालवलेला भात घेऊन समोर बसायची आणि तो स्वतःच्या हातानं खायचा. जुलाब व्हायचे, तळपायाची कातडी सोलपटायची. ते सगळं ती कार्डावर मांडायची. चौथी शिकलेली बाई, पण अक्षर नीटस. रोजच्या दोन खुणा अशा ओळीत, जसं काही सूत मारून काढल्या आहेत.

त्याच महिन्यात धाकटा वाळत चालला. सलाईन घेऊन आला की तीन दिवस ओकायचा. ओंडक्यांची गिऱ्हाइकं परत जात होती. कधीतरी थोरला एकटाच घोडीजवळ जाऊन उभा राहायचा, करवतीची एक मूठ धरून, दुसरी मूठ मोकळी.

धाकट्याची बायको कधी काही मागायची नाही. एवढंच व्हायचं की संध्याकाळी थोरला ओट्यावर गोळी घ्यायला बसला की तिची अंगण झाडायची वेळ व्हायची. झाडता झाडता गोळी पाकिटातून सुटल्याचा आवाज आला की खराटा थांबायचा. थोरल्याच्या घशाखाली पाणी उतरलं की परत सुरू. थोरलीला तो खराटा ऐकू यायचा आणि तिचा जीव अर्धा व्हायचा. ही जाऊ तिच्या पाठच्या बहिणीसारखी होती. थोरली टायफॉईडनं महिनाभर पडली होती, तेव्हा हिनं तिचं सगळं अंथरुणात केलेलं होतं.

दुसऱ्या महिन्याच्या चौथ्या दिवशी थोरल्यानं संध्याकाळची गोळी पाकिटातून काढली, ओट्यावरून उतरला आणि अंगण ओलांडून धाकट्याच्या खाटेशी गेला. धाकट्यानं तळहात पुढं केला.

थोरला परत आला तेव्हा बायको दारात उभी होती.

"अहो, ताईंनी काय सांगितलंय?"

"मोडू नका म्हणाली. मी मोडली नाही. सकाळची पुरी मी घेतो, संध्याकाळची पुरी तो घेतो."

"दुसऱ्या कोणाला देऊ नका, हेही म्हणाल्या."

"ते परक्यांसाठी. मला आता घास जायला लागलाय आणि तो समोर बसून बघतो. माझ्याच्यानं गिळवत नाही."

"भावजींचं नाव लिहिलंय वहीत. पुढं गट उघडणार आहे."

थोरला हसला. त्या हसण्यात गुण आलेल्या गालाची ताकद होती. "पुढं. जमिनीची मोजणी होती तेव्हा काय म्हणाले होते? पुढं बघू. कोपऱ्यावरच्या खांबाला दिवा कधी लागणार? पुढं. अगं, टेबलाच्या पलीकडं बसलेला माणूस पुढं म्हणतो तेव्हा त्याला तू उठून जायला हवी असतेस. नाव तर आपलं सगळीकडंच लिहिलेलं आहे."

आयुष्यभराचा अनुभव त्याच्याच बाजूनं साक्षीला उभा होता. अंगणात खराटा सुरू झाला होता. ती आत गेली, कार्ड काढलं, आणि सकाळच्या खुणेशेजारी संध्याकाळची खूण केली. खोटी खूणही अगदी ओळीत आली, आणि त्याचंच तिला रात्रभर वाईट वाटत राहिलं.

त्या महिन्याच्या फेरीला ताईनं रिकामी पाकिटं मोजली. छप्पन्न गोळ्या गेलेल्या, छप्पन्न खुणा. मोठ्या डॉक्टरांनी गाल मापला आणि आहे तेवढंच आहे म्हणाले. ताईनं ते कार्ड उचललं आणि बाहेर बाकावर बसलेल्या सगळ्यांपुढं धरलं. "हे बघा. काकू चौथी शिकल्यात. अशी भरतात कार्डं. तुम्ही कोणी तीन दिवसांचं एकदम भरता, कोणी चहा सांडून आणता." सगळ्यांच्या माना तिच्याकडं वळल्या. एका म्हाताऱ्यानं कौतुकानं हात जोडले. थोरलीनं पदर ओढून घेतला. लोकांना वाटलं, लाजली.

तिथून पुढं ताई नव्या माणसांना शिकवताना तिचंच कार्ड दाखवायची.

पहिले पंधरा दिवस धाकट्याला बरं वाटलं. खरंच वाटलं की मनानं वाटलं, देव जाणे. तो उठून बसायला लागला, करवतीचे दात कानशीनं घासायला लागला. मग त्याचे पाय सुजले. बोट दाबलं की खळगा पडायचा आणि तसाच राहायचा. लघवी कमी झाली. दवाखान्यात किडनीचा आकडा आणखी बिघडलेला निघाला आणि डॉक्टरांनी सलाईन पुढं ढकलली. त्यांनी विचारलं, कुठली जडीबुटी, भस्म, कोणी सांगितलेलं काही घेता का? धाकटा नाही म्हणाला. ते खोटं नव्हतं. जडीबुटी तो घेत नव्हता.

थोरलीच्या मनात अकरा पानांतलं ते एक वाक्य उभं राहिलं. किडनीवाटे बाहेर पडतं. ती रात्री बोलणार होती, पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी दोघे पुरुष एकत्र असताना बोलायचं ठरवून ती धाकट्याच्या खाटेशी गेली, तर तो एकटाच होता. तिनं कसंबसं सांगितलं, की भावजी, ही गोळी तुम्हाला सोसत नाही असं वाटतं मला, पाय बघा.

धाकट्यानं सुजलेले पाय गोधडीखाली घेतले. पन्नाशीला आलेला गडी, ओंडका खांद्यावर घेणारा, तो लहान पोरासारखं बघायला लागला. "वहिनी, तेवढी माझी काढून घेऊ नका."

ती परत आली. आणि खरं सांगायचं तर तिच्या मनात त्या दिवशी एक काळी गोष्ट येऊन गेली. की गोळी त्याला सोसत नाही, आणि तिच्या नवऱ्याला ती हवी आहे, आणि ती मधल्यामध्ये वाया चालली आहे. हे मनात आल्याबद्दल तिनं स्वतःच्या गालात मारून घेतलं. पण एकदा आलेलं ते गेलं नाही.

कारण थोरल्याचा गाल परत आवळत होता. तीन बोटं, दोन बोटं. उन्हं तापली तशी आतली जखमही तापली. घास सुटला, भात सुटला, चमच्यानं दूध आलं. जबड्याखाली नवी एक गाठ आली, सुपारीएवढी. तो उजेडाकडं पाठ करून बसायला लागला. बायको म्हणाली, आता तरी दोन्ही घ्या. तो म्हणाला, एकदा दिलेलं मी परत मागत नसतो. आणि सकाळची एक गिळून घोडीकडं तोंड करून बसला.

तिसऱ्या फेरीला चौघंही गेले. धाकट्याला ताईनं मुद्दाम बोलावणं धाडलं होतं, कशासाठी ते सांगितलं नव्हतं. आतल्या खोलीत वजनकाटा, लोखंडी कपाट, वर खडखडणारा पंखा. मोठ्या डॉक्टरांनी कंपासासारखं यंत्र थोरल्याच्या गालाला लावलं, आकडा सांगितला, ताईनं लिहिला. जबड्याखालची गाठ मापली. ताईचं पेन जरा थांबलं, मग तोही आकडा लिहिला.

मोठे डॉक्टर वाईट माणूस नव्हते. स्टूल ओढून ते थोरल्यासमोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, की सुरुवातीला औषध लागू पडलं होतं, आता ते हरलं आहे. आजार त्याच्या पुढं गेला. आजपासून ही गोळी बंद. दुखण्यावर औषध देऊ, खाणं नळीनं जाईल अशी सोय करू, पण चाचणीतून तुम्हाला काढावं लागेल.

थोरल्यानं मान हलवली, गिऱ्हाईक ओंडका परत नेतो म्हणाल्यावर हलवायचा तशी.

ताईनं डोळे पुसले, चष्मा लावला आणि धाकट्याकडं वळली. वाईट बातमीच्या पाठोपाठ चांगली देता येते आहे याचं तिला बरं वाटत असावं, कारण तिचा आवाज मोकळा झाला. "काका, दुसरा गट उघडला. आपल्या दवाखान्याला एकच जागा आली आहे, आणि मी तुमचंच नाव पाठवलं होतं. तुमचा आकडा घसरलाय, पण काठावर आहे, मोठे सर घ्यायला तयार आहेत. फक्त एक विचारायचं राहिलं." तिनं कागद पुढं ओढला. "हे औषध याआधी कधी घेतलेलं नाही ना? कधीही, एकसुद्धा?"

धाकट्यानं दादाकडं बघितलं.

"नाही," थोरला म्हणाला. आवळलेल्या तोंडातून शब्द नीट आला नाही, म्हणून त्यानं मानही हलवली.

"नाही," धाकटा म्हणाला.

ताईचं पेन कागदावर टेकलं, आणि थोरलीच्या कानात अजून तो एकच शब्द घुमत होता. हरलं. औषध हरलं. अर्ध्यावर राहिलेलं औषध कसं हरेल? यांना कळलं की ते पुरं घेतलंच नव्हतं, तर परत देतील. परत तीन बोटं उघडेल. या एका आशेपलीकडं तिला त्या क्षणी काही दिसलं नाही. जाऊ दिसली नाही, पुढ्यातला कागद दिसला नाही.

"औषध हरलं नाही," ती म्हणाली. "यांनी अर्धंच खाल्लंय. दोन महिने संध्याकाळची गोळी भावजींना जायची. आता पुरं द्या. मी समोर बसून देईन."

पंखा खडखडत होता. धाकट्याची बायको भिंतीला टेकून उभी होती, ती तशीच खाली बसली.

ताईनं थोरल्याचं कार्ड पुढं ओढलं. "आणि खुणा?"

"मी केल्या."

"काकू, तुमचं कार्ड दाखवून मी सगळ्यांना शिकवलं."

मोठ्या डॉक्टरांनी चष्मा काढला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर सोसायला सोपं गेलं असतं. त्यांनी एक एक करून सांगितलं. अर्ध्या मात्रेवर आजार मरत नाही, सराईत होतो. आता पुरी मात्रा दिली तरी तो दाद देणार नाही, आणि नियमानं देताही येणार नाही. धाकट्याची किडनी त्या गोळीनंच घसरली. आणि ज्याच्या अंगात हे औषध एकदा गेलं, त्याला दुसऱ्या गटात घेता येत नाही. मग ते ताईला म्हणाले, की या दवाखान्यातली एकोणीसच्या एकोणीस कार्डं बाजूला काढा, सगळ्यांना परत विचारावं लागेल, तोवर नव्या गोळ्या वाटू नका.

"मी लिहून ठेवलं होतं," ताई म्हणाली. ती कोणाला सांगत होती कोण जाणे. "पहिल्याच दिवशी लिहिलं होतं मी यांचं नाव. तुमच्यासमोर."

"हो," थोरली म्हणाली. "आम्हाला वाटलं, तुम्ही आपलं म्हणायचं म्हणून म्हणता."

ताईनं धाकट्याच्या कागदावर आडवी रेघ मारली.

बाहेर बाकावरच्या माणसांना गोळ्या मिळणार नसल्याचं आतून कळवलं गेलं होतं. मागच्या फेरीला हात जोडणारा म्हातारा कार्ड गुडघ्यावर धरून बसला होता. त्यानं तिला विचारलं, की बाई, आमचं काय चुकलं? ती न थांबता पुढं गेली.

रस्त्यावर ऊन मी म्हणत होतं. गाडीच्या थांब्यावर सावली अशी नव्हतीच, एका बंद दुकानाच्या पत्र्याची हातभर पट्टी. दोघे भाऊ त्या पट्टीत शेजारी शेजारी उभे राहिले. धाकटा म्हणाला, "दादा, तुझी चूक नाही." थोरल्यानं तोंड उघडायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला.

दोघी जावा उन्हात होत्या. धाकटी समोर बघत म्हणाली, "जाऊबाई, मी मागितली नव्हती."

"नाही. तू नव्हती मागितलीस."

"मग दिलीत कशाला? आणि दिली होतीत, तर आज सांगितलंत कशाला? कागद झाला होता."

थोरली म्हणाली, "मला वाटलं, यांना परत मिळेल."

"हो," धाकटी म्हणाली. "यांना." आणि तिनं हातातली औषधांची पिशवी या हातातून त्या हातात घेतली. त्यानंतर ती तिच्याशी बोलली नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढंही नाही.

गाडी आली ती खचाखच. एका पोक्त माणसानं दोघा भावांकडं बघितलं, एकाचा सुजलेला जबडा, दुसऱ्याचे चपलेत न मावणारे पाय, आणि तो उठून उभा राहिला. जागा एकाचीच होती.

थोरल्यानं धाकट्याला हातानं पुढं ढकललं. धाकट्यानं त्याचा दंड धरून त्याला पुढं केलं. "दादा, तू बस." थोरल्यानं मान हलवली आणि पायांकडं बोट दाखवलं. धाकट्यानं त्याच्या गालाकडं दाखवलं. गाडी निघाली, वळणावर कलली, दोघंही वरचा दांडा धरून लोंबकळले आणि एकमेकांना खुणावत राहिले. मागून लोक म्हणायला लागले, की अहो, बसा ना कुणीतरी एकजण, किंवा वाट तरी सोडा.

दोघांच्या मधून एक धडधाकट माणूस वाट काढत आला, बसला, पिशवी मांडीवर घेतली आणि डोळे मिटले.